अंघोळ केली की खाज, शाम्पू केला की दुसऱ्याच दिवशी केस चिकट: हा त्रास परत परत का येतो आणि काय बदलून बघायचं

त्रास साधारण असा असतो. अंघोळ करून बाहेर आलं की दहा-पंधरा मिनिटांत पाय, हात, कंबर ओढल्यासारखी व्हायला लागते, मग खाज, मग खाजवून पांढरे ओरखडे, आणि डोक्याचं नेमकं उलटं, परवा शाम्पू केला तरी आज मुळाशी केस चिकट. मग माणूस साबण बदलतो. आठवडाभर बरं वाटतं आणि परत तेच. कुणीतरी सांगतं की रोज अंघोळ करूच नये, मग दिवसाआड सुरू होतं, खाज जरा कमी होते पण घामाचा वास यायला लागतो म्हणून परत रोज. शाम्पू बदलतो, मग शाम्पूच बंद करून बघतो, मग कोंडा. असं महिनोन्‌महिने चालतं आणि लोक खरंच कंटाळून जातात, बाथरूममधे अर्ध्या वापरलेल्या सहा-सात बाटल्या जमतात आणि त्रास जागच्या जागी. मला हे बघून वाईट वाटतं कारण बहुतेकांच्या बाबतीत हा सुटण्यासारखा प्रश्न आहे, फक्त सगळे भलत्याच ठिकाणी हात घालतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की "किती वेळा अंघोळ करायची" या आकड्यावर आपण गरजेपेक्षा जास्त अडकून बसतो. त्वचा कोरडी पडते ती पाणी किती गरम होतं, किती वेळ अंगावर घेतलं, साबण नक्की कुठे-कुठे चोळला आणि बाहेर आल्यावर लगेच काही लावलं की नाही यावर. हे चार सुधारले तर रोज अंघोळ करणाऱ्याची त्वचाही मस्त राहते, आणि हे चार बिघडलेले असतील तर आठवड्यातून तीनदाच अंघोळ करूनही खाज सुटते. आणि डोक्याचा हिशोब पूर्ण वेगळा आहे, अंगाचा नियम डोक्याला लावला की तिथे गडबड होणारच.

आधी खाज नीट बघून घ्या

काही बदलायच्या आधी हे करा. अंघोळीनंतर अर्ध्या तासाने खिडकीपाशी बसा आणि नडगी तिरक्या उजेडात धरा. त्वचा कोरडी असेल तर बारीक बारीक चौकटींसारख्या रेषा दिसतात, वर पांढरट भुकटी असते, आणि नखाने हलकेच रेघ ओढली तर खडूसारखी पांढरी रेघ उमटून तशीच राहते. त्याच जागी थोडं मॉइश्चरायझर चोळलं की रेघ गायब. आता तीच नखाची रेघ पोटावर ओढून बघा, तिथे बहुतेक काहीच उमटणार नाही. एकच माणूस, एकच अंघोळ, एकच साबण, तरी नडगी कोरडी आणि पोट ठीक, कारण तेलग्रंथी सगळीकडे सारख्या नसतात. चेहऱ्यावर आणि डोक्यावर त्या सगळ्यात जास्त, नडगीवर फारच कमी, तळहात-तळपायावर तर नसतातच. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की सगळ्या अंगाला सारखाच साबण लावायची सवय किती चुकीची आहे ते आपोआप कळतं.

पण प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते, म्हणून हे पण बघा की ती कधी आणि कुठे येते. पाणी अंगावर पडल्या-पडल्या किंवा काही मिनिटांत टोचल्यासारखी जोरात खाज, आणि त्वचेवर बघायला गेलं तर काहीच नाही, ना पुरळ ना लाली, हे कोरडेपणापेक्षा वेगळं प्रकरण असू शकतं, त्यावर शेवटी लिहिलंय. रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेशी बारीक पुळ्या आहेत आणि घरातल्या अजून कुणालाही खाज आहे, तर खरजेचा संशय घ्या, तिथे अंघोळीच्या सवयी बदलून काही होत नाही. जांघेत किंवा काखेत गोल चट्टा, कडेला लालसर उठावदार आणि मधे जरा साफ, तर गजकर्ण. आणि खाज फक्त तिथेच येते जिथे एखादं नवं प्रॉडक्ट लागतं, म्हणजे समजा केसांच्या कडेने कपाळ, कानामागे, मानेवर, तर शाम्पू किंवा हेअर कलरची ॲलर्जी असू शकते. यातलं काहीच नसेल आणि नखाची पांढरी रेघ उमटत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

त्वचेचं नेमकं बिघडतं काय

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या सपाट पेशींचा असतो, जाडी कागदापेक्षाही कमी, आणि त्या पेशींच्या मधे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड असे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. आतलं पाणी आत धरून ठेवायचं काम हे स्निग्ध पदार्थ करतात. तेलकट भांडं थंड पाण्याने निघत नाही पण कढत पाणी आणि साबण घेतला की झटक्यात निघतं, त्वचेवरही अगदी हेच होतं, फक्त इथे जे निघून जातं ते आपल्याला हवं असतं. दुसरं म्हणजे त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५, आणि नेहमीच्या साबणवडीचा पीएच ९ ते १० च्या घरात. साबण लावला की त्वचेचा पीएच वर जातो आणि परत जागेवर यायला काही तास लागतात, तेवढ्यात दुसरी अंघोळ त्याच साबणाने झाली की त्वचेला सावरायला वेळच मिळत नाही.

यात काही लोकांचं जन्मतःच जरा अवघड असतं. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन हा वरचा थर नीट बांधून ठेवतं आणि त्याच्या जीनमधल्या बिघाडाचा इसबाशी, म्हणजे एक्झिमाशी संबंध २००६ मधे समोर आला. त्यामुळे घरात एकजण कढत पाण्याने अर्धा तास अंघोळ करून टवटवीत आणि दुसऱ्याला त्याच बाथरूममधून बाहेर आलं की खाज, हे होऊ शकतं. त्या दुसऱ्याला "तुझं काहीतरी नाटक असतं" असं म्हणू नका प्लीज, त्याची त्वचा खरंच वेगळी आहे.

पहिला बदल: साबण कमी जागी

मला एकच गोष्ट सांगायची परवानगी दिली तर मी हीच सांगेन. साबण रोज लागतो तो काखेत, जांघेत आणि गुप्तांगाच्या बाहेरच्या भागाला, पार्श्वभागाला आणि पायांना, त्यातही बोटांच्या मधे. चेहऱ्याला लागेल तर सौम्य क्लिन्झर. बाकीचं अंग म्हणजे हात, पाय, पोट, पाठ, यांना धूळ-माती-ग्रीस काही लागलेलं नसेल, घामाने चिंब झालेलं नसेल, तर नुसतं पाणी पुरतं. खरंच पुरतं. घामातला मोठा भाग पाणी आणि मीठ, ते पाण्याने निघून जातं. वरून साबणाचा फेस ओघळून पाय थोडेफार धुतले जातातच, वेगळं चोळायची गरज नसते. लोकांना हे पटायला जड जातं कारण साबण न लावलेला हात आपल्याला धुतल्यासारखाच वाटत नाही, हाताला ती करकरीत भावना लागते, पण करकरीत वाटणं म्हणजेच वरचा स्निग्ध थर निघून गेलेला असतो.

साबण कुठला हे त्यानंतरचा प्रश्न. कोरडी किंवा खाजरी त्वचा असेल तर सिंडेट बार, म्हणजे नेहमीच्या साबणाऐवजी सौम्य कृत्रिम क्लिन्झरची वडी, किंवा सौम्य बॉडी वॉश घ्या, सुगंध नसलेला, ज्याचा पीएच त्वचेच्या जवळचा असतो, पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. फेस किती येतो यावर जाऊ नका, फेस आणि स्वच्छता यांचा फारसा संबंध नाही. जंतुनाशक साबणाची तर रोजच्या अंघोळीला काहीच गरज नसते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, सप्टेंबर २०१६ मधे ट्रायक्लोसानसकट १९ जंतुनाशक घटक अशा घरगुती धुण्याच्या उत्पादनांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त चांगलं काम करतात हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

आणि ती जाळीदार स्पंज किंवा लूफा. खाजणाऱ्या त्वचेवर ती घासणं बंद करा, हाताने साबण लावा. ज्यांना त्रास नाही त्यांनी वापरली तरी ती बाथरूममधे ओली लटकत ठेवू नका, ओल्यात जंतू वाढतात, बाहेर कोरडी होऊ द्या आणि नैसर्गिक लूफा असेल तर तीन-चार आठवड्यांनी टाकून द्या. शेव्हिंगनंतर दोन-तीन दिवस तर हात लावूच नका तिला.

पाणी आणि वेळ

पाणी कोमट. मनगटाच्या आतल्या बाजूवर पाणी घेऊन बघा, ऊबदार वाटलं पाहिजे पण गरम नाही. अंघोळ झाल्यावर अंग लाल झालेलं दिसत असेल किंवा आरसा पूर्ण धुरकट झाला असेल तर पाणी जास्तच गरम होतं. खाज असणाऱ्यांना कढत पाणी विशेष आवडतं कारण त्या क्षणी खाज एकदम थांबते, फार बरं वाटतं, आणि तासाभरात दुप्पट जोराने परत येते. हे चक्र तोडणं सगळ्यात अवघड आहे हे मला मान्य आहे, थंडीत तर अजूनच. एकदम थंड पाण्यावर जायची गरज नाही, रोज थोडं थोडं कमी करत आणा.

वेळ ५ ते १० मिनिटं, अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्थासुद्धा कोरड्या त्वचेसाठी हेच सांगते. बादलीने अंघोळ करणाऱ्यांचं इथे आपोआप जमतं, शॉवरखाली उभं राहून विचार करणाऱ्यांचं जमत नाही. बाथरूमचं दार बंद ठेवा म्हणजे आतली दमट हवा आत राहील, पुढच्या पायरीला ती उपयोगी पडते.

बाहेर आल्यावरची पहिली तीन मिनिटं

बरेच जण सगळं बरोबर करून इथे घालवतात. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपून घ्यायचं, आणि अंग अजून किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं, दोन-तीन मिनिटांत. म्हणजे बाथरूममधेच, कपडे घालायच्या आधी. बाहेर येऊन, चहा घेऊन, फोन बघून मग आठवण झाली तर तोपर्यंत त्वचेवरचं पाणी उडून गेलेलं असतं आणि जाताना आतलंही थोडं घेऊन जातं, म्हणूनच तर अंघोळीनंतर पंधरा मिनिटांनी ओढल्यासारखं वाटतं. बाटली बाथरूममधेच ठेवा, हा एवढा साधा बदल पण त्याने फरक पडतो.

मॉइश्चरायझरमधे पातळ लोशनमधे पाणी जास्त असतं, ते दमट हवेत चालतं. त्वचा खूप कोरडी असेल तर डबीतलं घट्ट क्रीम किंवा मलम घ्या. घटकांत ग्लिसरीन, सेरामाइड, पेट्रोलियम जेली यातलं काही असलं की बरं, नडगी आणि टाचा खरखरीत असतील तर ५ ते १० टक्के युरिया असलेलं क्रीम छान काम करतं, पण चिरा पडलेल्या असतील तर ते झोंबतं, तिथे आधी साधी पेट्रोलियम जेली. वासाचं काही घेऊ नका. तेलाबद्दल खूप जण विचारतात, तर सगळी तेलं सारखी नसतात, ऑलिव्ह ऑइलमधे ओलेइक ॲसिड जास्त असतं आणि ते कोरड्या त्वचेचा थर उलट कमजोर करतं असं तपासणीत दिसलंय, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही.

मग रोज की दिवसाआड?

आता आकड्याकडे येऊ. घाम येतो, व्यायाम आहे, बाहेर धुळीत काम आहे, दमट उन्हाळा आहे, तर रोज, आणि संध्याकाळी घामाने थबथबून आलात तर दुसऱ्यांदाही करा पण ती दुसरी नुसत्या पाण्याची, साबण काख-जांघेपुरता. दिवसभर घरात किंवा एसीत बसून काम आहे, हवा थंड-कोरडी आहे, त्वचा कोरडी आहे, तर दिवसाआड पूर्ण अंघोळ आणि मधल्या दिवशी काख, जांघा, पाय आणि चेहरा धुतला तरी स्वच्छतेत काहीही कमी पडत नाही. रोज अंघोळ केल्याशिवाय ज्यांना चैनच पडत नाही त्यांनी रोज करावी, वरचे चार नियम पाळून. इसब असणाऱ्यांनाही रोजची छोटी कोमट अंघोळ चालते, फक्त लगेच घट्ट क्रीम लावणं त्यांच्यासाठी सक्तीचं समजा.

लहान बाळांना पहिल्या वर्षी आठवड्यातून तीनदा अंघोळ पुरते, लंगोटाची जागा मात्र दर वेळी स्वच्छ करायची. नवजात बाळाची पहिली अंघोळ जन्मानंतर निदान २४ तास थांबून करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा-दोनदा आणि मळली-घामेजली की त्या दिवशी, एवढं पुरतं, वयात आल्यावर रोज. वयस्कर लोकांचं उलटं, त्यांची तेलग्रंथी आणि घामग्रंथी दोन्ही मंदावलेल्या असतात, वर पाणी त्यांना नेहमी कढत लागतं, त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांना रात्र-रात्र खाज येत असेल तर आधी पाण्याची धग कमी करा, अंगाचा साबण बंद करा, आणि अंघोळीनंतर क्रीम लावायला कुणीतरी मदत करा कारण पाठीला त्यांचा हात पोचत नाही.

रोज अंघोळ करूनही वास येत असेल तर

घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. काखेतल्या एका प्रकारच्या घामग्रंथी वयात आल्यावर सुरू होतात, त्यांचा घाम त्वचेवरचे जंतू खातात आणि त्यातून वास तयार होतो. म्हणून अंघोळीची संख्या वाढवून उपयोग होत नाही, काखेत साबण अर्धा मिनिट राहिला पाहिजे, नीट धुतला गेला पाहिजे आणि जागा पूर्ण कोरडी झाली पाहिजे. डिओ वास झाकतो आणि थोडे जंतू कमी करतो, घाम तो थांबवत नाही. घाम कमी करणारं ॲन्टिपर्स्पिरंट वेगळं, त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात, आणि ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावलं तर सकाळच्या घाईत लावण्यापेक्षा चांगलं काम करतं.

एवढं करूनही वास येत असेल तर शर्ट तपासा, माणूस नाही. धुतलेला शर्ट काखेपाशी इस्त्रीने जरा गरम केला आणि वास आला, तर वास कापडात बसलेला आहे. २०१४ मधे बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या अभ्यासात व्यायामानंतर सुती कपड्यांपेक्षा पॉलिस्टरच्या कपड्यांना जास्त खराब वास आला, आणि त्यांच्यावर वाढणारे जंतूही वेगळे निघाले. जिमचे कपडे बॅगेत गुंडाळून ठेवू नका, त्याच दिवशी धुवा, ते जमत नसेल तर निदान पसरून वाळवा.

आता केस

केसांच्या बाबतीत सगळ्यात पसरलेला समज म्हणजे "जास्त धुतले की डोकं जास्त तेल सोडतं, म्हणून कमी धुवा म्हणजे सवय लागेल". तेल किती बनायचं हे हार्मोन्स ठरवतात, मुख्यतः अँड्रोजेन्स म्हणजे पुरुषी हार्मोन्स, शाम्पू नाही. ग्रंथीला वर काय चाललंय ते कळत नाही. तेलकट डोक्याच्या माणसाने महिनाभर केस न धुता "ट्रेनिंग" केलं तर तेल तेवढंच बनतं, फक्त साठत राहतं आणि ज्याला कोंडा होणार असतो त्याला होतो. त्यामुळे डोकं तेलकट असेल तर दिवसाआड किंवा अगदी रोजसुद्धा सौम्य शाम्पूने धुवायला हरकत नाही, त्याने केस गळत नाहीत. साधारण डोकं असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा. दाट कुरळे केस असतील तर आठवड्यातून एकदा, काहींना त्याहूनही कमी पुरतं, कारण वळणावळणाच्या केसावरून तेल टोकापर्यंत उतरत नाही, मूळ ठीक आणि टोकं कोरडी राहतात.

गळतीची भीती इथेच मिटवून टाकते. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे, ते केस आधीच सुटलेले असतात, धुताना फक्त हातात येतात. तुम्ही चार दिवसांनी डोक्यावरून अंघोळ केली तर चार दिवसांचे एकदम निघणार आणि मोरीच्या जाळीवर मोठा गुंता दिसणार, तो बघून घाबरून पुढच्या वेळी सात दिवस थांबलात तर गुंता अजून मोठा. जाळीवरचा गुंता बघून ठरवू नका, भांग रुंद होतोय का, वेणी बारीक होतेय का ते बघा, तसं होत असेल तर डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी केस चिकट होण्याचं एक अगदी साधं कारण असतं, ते म्हणजे शाम्पू मुळाशी पोचलेलाच नसतो. लोक वर फेस करतात, केसांच्या लांबीला चोळतात, आणि कानामागे, मानेच्या वर, टाळूवर त्वचा तशीच राहते. पुढच्या वेळी शाम्पू आधी तळहातावर थोड्या पाण्यात पातळ करा, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, डोक्याच्या त्वचेवर भाग पाडून पाडून लावा, केसांच्या लांबीला वेगळा शाम्पू लावूच नका, धुताना खाली येणारा फेस त्यांना पुरतो. तेल लावलेलं असेल तर थोडा शाम्पू दोनदा, एकदाच भसाभसा ओतण्यापेक्षा हे बरं. कंडिशनर फक्त अर्ध्यापासून टोकापर्यंत, मुळाला लावला की दुसऱ्या दिवशी चिकट होणारच. आणि धुवायला शाम्पू लावण्यापेक्षा जास्त वेळ द्या. ड्राय शाम्पू तेल शोषतो, धूत नाही, लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त त्यावर काढू नका.

कोंडा आणि कोरडी त्वचा यात गल्लत झाली की उपाय उलटे पडतात. बारीक, पांढरे, कोरडे कण, खांद्यावर सहज झडणारे, आणि हातापायाची त्वचाही कोरडी, तर डोक्याची त्वचा कोरडी आहे, शाम्पू सौम्य करा, पाणी कोमट करा. मोठे, पिवळसर, जरा चिकट पापुद्रे, डोकं तेलकट, भुवया किंवा नाकाच्या कडेलाही लाली आणि पापुद्रे, तर तो कोंडा. साधारण निम्म्या मोठ्या माणसांना तो कधी ना कधी होतोच, अस्वच्छतेशी त्याचा संबंध जोडून कुणाला लाजवू नका. मालासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, सगळ्यांच्याच डोक्यावर असतं, ते तेल खातं आणि त्यातून सुटणाऱ्या ओलेइक ॲसिडने काहींच्या त्वचेला चुरचुर होते. अशा डोक्याला कोरडं समजून तेल लावून रात्रभर ठेवलं की यीस्टला अजून खायला मिळतं. तिथे लागतो कोंड्याचा औषधी शाम्पू, २ टक्के कीटोकोनाझोल, झिंक पायरिथिओन किंवा सेलेनियम सल्फाइडवाला. कीटोकोनाझोलवाला आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि लावल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. लावला-धुतला केलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, आणि मग "हा शाम्पूही लागू पडला नाही" म्हणून पुढचा. बरं वाटल्यावर एकदम बंद न करता एक-दोन आठवड्यांनी एकदा चालू ठेवा, कारण यीस्ट कुठे जात नाही आणि कोंडा परत परत येतो तो यामुळेच.

तेल आवडत असेल तर कोंडा असणाऱ्यांनी ते केसांच्या लांबीला लावावं, खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, त्यामुळे टोकांना तासभर आधी लावून धुतलं तर फायदा आहेच. ओला केस कोरड्यापेक्षा लवकर ताणला जातो आणि तुटतो, म्हणून टॉवेलने रगडू नका, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवा.

पाठीवर पुळ्या

लांब केसवाल्यांच्या पाठीवर, खांद्यावर बारीक पुळ्या वारंवार येत असतील तर अंघोळीचा क्रम बदला. आधी केस, कंडिशनर धुवून केस वर बांधा, आणि त्यानंतर पाठ धुवा, म्हणजे पाठीवर ओघळलेला कंडिशनर तसाच राहत नाही. तेवढ्याने नाही गेल्या तर ४-५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश पाठीला लावून दोन मिनिटांनी धुवा, टॉवेल मात्र पांढरा घ्या कारण रंगीत कापडावर त्याचे फिके डाग पडतात ते जात नाहीत. पुळ्या सगळ्या एकसारख्या आणि खूप खाजणाऱ्या असतील तर त्या यीस्टच्या असू शकतात, त्यांना मुरमांचं औषध चालत नाही.

जड पाणी

नळाला पांढरे थर जमतात, साबणाला फेस येत नाही, तर पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त आहे. हे क्षार साबणाबरोबर मिळून त्वचेवर राप धरतात. २०१७ मधे शेफिल्ड विद्यापीठ आणि किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की जड पाण्यात धुतल्यावर सोडियम लॉरिल सल्फेट हा शाम्पू-बॉडी वॉशमधला फेस आणणारा घटक त्वचेवर जास्त उरतो आणि जळजळ वाढते. पण म्हणून लगेच पाणी मऊ करायचं महागडं मशीन बसवू नका, इंग्लंडमधे इसब असलेल्या ३३६ मुलांवर केलेल्या चाचणीत, निकाल २०११ मधे आला, मशीन बसवलेल्या घरांतल्या मुलांचा इसब इतरांपेक्षा जास्त सुधारला नाही. साबण कमी, सिंडेट वापरा, आणि जास्त पाण्याने धुवा, हे आधी.

एका वेळी एकच बदल

हे सगळं वाचून उद्यापासून साबण, शाम्पू, क्रीम, वेळ सगळं एकदम बदलू नका, नंतर कशाने फरक पडला तेच कळत नाही. त्वचेचा वरचा थर पूर्ण नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय जास्त असेल तर अजून, म्हणून तीन दिवसांत निकाल लावू नका. पहिले दोन आठवडे प्रॉडक्ट तेच ठेवून फक्त कोमट पाणी, कमी वेळ आणि साबण मोजक्या जागी. मग पुढचे दोन आठवडे त्यात ओल्या अंगावर मॉइश्चरायझर. बऱ्याच जणांची खाज इथेच थांबते, नवा साबण विकत घ्यायच्या आधीच. शाम्पूची भानगड अंगाच्या बदलांपासून वेगळी चालवा, ती एकमेकांत मिसळत नाही.

डॉक्टरांकडे कधी

खाज सहा आठवड्यांच्या वर चालली असेल, रात्री झोपमोड होत असेल, त्वचेतून पाणी किंवा पू येत असेल, खाजेबरोबर वजन कमी होतंय, ताप येतोय किंवा डोळे पिवळे दिसतायत, तर साबण बदलत बसू नका, कारण यकृत, किडनी, थायरॉइडच्या तक्रारीतही खाज येते. पाण्याचा स्पर्श झाला की दर वेळी पुरळ न येता टोचरी खाज, हे वर सांगितलं होतं, त्यात डॉक्टर बहुतेक रक्ततपासणी सांगतील, कारण क्वचित ते लाल पेशी जास्त बनण्याच्या पॉलिसायथीमिया व्हेरा या आजाराचं लक्षण असतं. घाबरायचं नाही पण टाळायचंही नाही. जांघेतल्या गोल चट्ट्याला तर ओळखीच्याने सुचवलेलं स्टेरॉइडचं मिक्स क्रीम अजिबात लावू नका, चार दिवस खाज दबते, चट्टा फिका पडतो आणि बुरशी आत पसरत राहते, मग डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. दाखवायला जायच्या दिवशी चट्ट्यावर काहीही न लावता जा, त्यांना कधी कधी वरून थोडं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायचं असतं, आणि आतापर्यंत काय काय लावलं त्या ट्यूब आणि बाटल्यांचे मागच्या बाजूचे फोटो फोनमधे काढून न्या.